कॉम्प्युटर स्लो झालाय? डिफ्रॅगचं बटण दाबण्याआधी या चार गोष्टी तपासा



"भाऊ, कॉम्प्युटर खूप हळू चालतोय, एकदा डिफ्रॅग मारून द्या ना." असोद्यातल्या माझ्या दुकानात हे वाक्य महिन्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येतं. किराणावाले असतात, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे असतात, हिवाळ्यात भरीत-पुरीची पार्सलं देणारेही असतात. सगळ्यांची तक्रार एकच आणि सगळ्यांनी ऐकलेला उपायही एकच. डिफ्रॅग. पण त्या कॉम्प्युटरला डिफ्रॅगची गरज आहे का, हे कोणी तपासलेलं नसतं.

तपासायला दहा मिनिटं लागतात आणि रुपयाही लागत नाही. न तपासता डिफ्रॅग केलं तर तीनपैकी एक गोष्ट होते. खरंच गरज असेल तर फायदा होतो. गरज नसेल तर दोन-चार तास वाया जातात. आणि डिस्क आजारी असेल तर तुमचा पाच वर्षांचा हिशोब जाऊ शकतो. म्हणून आजचा विषय डिफ्रॅग कसं करायचं हा नाही. करायचं की नाही, हे ठरवायचं कसं, हा आहे. व्हिडिओत स्क्रीनवर जे दाखवलं, तेच इथे सावकाश लिहून देतोय, म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसून एकेक पायरी करता येईल.

आधी समजून घ्या: डिफ्रॅग म्हणजे नेमकं काय?

उधारीची वही डोळ्यासमोर आणा. एका गिऱ्हाइकाचं खातं तुम्ही पान १२ वर उघडलं. पान भरलं, पण पुढचं पान दुसऱ्याच्या नावावर. मग तुम्ही लिहिलं, "पुढे पान ४७ वर." तेही भरलं, मग "पुढे पान ८३ वर." आता तो माणूस हिशोब करायला आला की तुम्हाला तीन ठिकाणी पानं उलटावी लागतात. हिशोब बरोबरच निघतो, फक्त वेळ लागतो.

हार्ड डिस्कवर हेच घडतं. विंडोज साधारणपणे ४ केबीच्या छोट्या छोट्या कप्प्यांत फाइल लिहितं. सलग जागा मिळाली नाही की फाइलचे तुकडे करून मिळेल तिथे ठेवतं. याला फ्रॅगमेंटेशन म्हणतात. आणि डिफ्रॅग म्हणजे नवी वही घालून प्रत्येकाचं खातं सलग पानांवर उतरवून काढणं. मजकूर तोच राहतो, मांडणी बदलते.

आता वेळ का लागतो ते बघा. हार्ड डिस्कच्या आत गोल तबकड्या फिरतात आणि एक छोटा हात त्यांच्यावरून पुढे-मागे सरकून वाचतो. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. हात योग्य जागी जायला साधारण ९ मिलिसेकंद आणि हवा तो भाग फिरत हाताखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे साधारण १३ मिलिसेकंद. एका फाइलचे १००० तुकडे असतील तर नुसत्या धावपळीत १३ सेकंद गेले!

आता धंद्याचा हिशोब करू. दिवसाला ६० गिऱ्हाइकं आणि प्रत्येकामागे २० सेकंद कॉम्प्युटरची वाट बघण्यात जात असतील, तर दिवसाचे २० मिनिटं जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ८ तासांहून जास्त. म्हणजे महिन्यातला एक पूर्ण दिवस तुम्ही फिरणारं गोल चक्र बघत बसता. त्यामुळे स्लो कॉम्प्युटर हा किरकोळ विषय नाही. पण कारण शोधल्याशिवाय इलाज करणं हेही शहाणपणाचं नाही.

पहिली तपासणी: डिस्क कोणती आहे?

सगळ्यात आधी हे बघा, कारण निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच संपतो.

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात डी-एफ-आर-जी-यू-आय अशी सहा अक्षरं सलग टाइप करा आणि एंटर मारा. किंवा सर्चमध्ये डिफ्रॅगमेंट लिहा, तिथूनही तीच विंडो उघडते. विंडोज १० आणि ११ मध्ये तिचं नाव ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज आहे.

या विंडोत मीडिया टाइप नावाचा रकाना असतो. तिथे प्रत्येक ड्राइव्हसमोर हार्ड डिस्क ड्राइव्ह किंवा सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं लिहिलेलं असतं.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजे आपण ज्याला एसएसडी म्हणतो ती. लिहिलेलं दिसलं की डिफ्रॅगचा विषय सोडून द्या. एसएसडीत तबकडी नाही, फिरणं नाही, हात नाही. तुकडे कुठेही असले तरी प्रत्येकाला साधारण एक मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. म्हणजे हजार तुकड्यांना १३ सेकंदांच्या जागी सेकंदाचा दहावा हिस्सा. वहीतली पानं उलटायचं कामच नाही, मग नवी वही घालून काय मिळणार? उलट एसएसडीचं आयुष्य त्यावर किती वेळा लिहिलं यावर अवलंबून असतं. विनाकारण सगळं इकडचं तिकडे लिहायला लावलं तर तेवढी झीज होते.

एसएसडीसाठी विंडोज ट्रिम नावाचं वेगळं काम करतं. कोणत्या फाइल डिलीट झाल्यात हे ते डिस्कला कळवतं, म्हणजे ती रिकामी जागा तयार ठेवते. ते आपोआप होतं, तुम्ही काही करायचं नाही. पेन ड्राइव्हलाही डिफ्रॅग नको. आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क काढून कॉम्प्युटरला लावून डिफ्रॅग करायच्या भानगडीत पडू नका. तो डीव्हीआर जुन्यावर नवं लिहीत आपलं बघून घेतो.

हार्ड डिस्क ड्राइव्ह असं दिसलं तरच पुढे चला.

दुसरी तपासणी: डिस्कची तब्येत कशी आहे?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच सगळे गाळतात.

डिफ्रॅग करताना डिस्कवरचा पुष्कळसा डेटा वाचला जातो आणि दुसरीकडे लिहिला जातो. धडधाकट डिस्कला त्याचं काही वाटत नाही. पण डिस्क आतून खराब होत आली असेल तर ही मेहनत तिला झेपत नाही. ताप असलेल्या माणसाला गव्हाची पोती उचलायला लावण्यासारखं आहे ते.

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या, भलत्या डाउनलोड साइटवरून नको. उघडलं की वर मोठ्या अक्षरात गुड, कॉशन किंवा बॅड असं दिसतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे गेलीच समजा.

खालच्या यादीत तीन ओळी शोधा: रिअलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात नुसती शून्यं असावीत. पहिल्या ओळीत आकडा असेल तर डिस्कने काही खराब जागा वापरातून काढून राखीव जागा वापरायला घेतली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आकडा असेल तर काही जागा वाचताच येत नाहीयेत. वहीची पानं फाटायला लागली आहेत! अशा वेळी आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा, मग डिस्क बदला. डिफ्रॅग अजिबात नाही.

एक उदाहरण सांगतो. मागच्या उन्हाळ्यात भादलीकडचे एक किराणा दुकानदार कॉम्प्युटर घेऊन आले. टॅली उघडायला चार मिनिटं लागत होती. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, "रात्रभर डिफ्रॅग लावून ठेवा, सकाळी फास्ट होईल." त्यांनी लावलं नव्हतं, हे नशीब. तपासलं तर फ्रॅगमेंटेशन फक्त ४ टक्के. तब्येत मात्र पिवळी, आणि पेंडिंग सेक्टरच्या ओळीत आकडा दिसत होता. कॉम्प्युटर स्लो होता कारण डिस्क खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती. आधी टॅलीचा डेटा, जीएसटीची बिलं आणि उधारीची एक्सेल फाइल बाहेर काढली. मग नवी एसएसडी टाकली. टॅली आता काही सेकंदांत उघडते. जुनी डिस्क आम्ही पंधरा दिवसांनी सहज लावून पाहिली, तेव्हा ती कॉम्प्युटरला दिसतसुद्धा नव्हती. त्या डिस्कवर गावातल्या दीड-दोनशे घरांची उधारी होती. विचार करा.

त्याच स्क्रीनवर अजून दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, तापमान. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या दुकानात, पिठाच्या चक्कीशेजारी, जाळीवर धूळ बसलेला कॉम्प्युटर असेल तर डिस्कचं काय होत असेल? बहुतेक साध्या हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते, पण ५० च्या वर सतत जात असेल तरी आधी साफसफाई आणि पंखा बघा. डिफ्रॅग करायचंच असेल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर करा, दुपारी नको.

दुसरी गोष्ट, पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. रोज १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ३००० तास होतात. आकडा २४,००० असेल तर डिस्कने दुकानाची आठ वर्षं काढली आहेत. तुमच्यापैकी बरेच जण धंदा सुरू करताना सेकंडहँड ऑफिस कॉम्प्युटर घेतात, ते चांगलंच आहे, भांडवल वाचतं. पण पैसे देण्याआधी हा आकडा आणि वरच्या तीन ओळी बघायला मागा. विकणारा प्रामाणिक असेल तर नाही म्हणणार नाही.

तिसरी तपासणी: मोकळी जागा किती?

धिस पीसी उघडा आणि सी ड्राइव्ह बघा. निळी पट्टी लाल झाली असेल तर स्लो होण्याचं एक कारण तिथेच सापडलं.

पूर्वीच्या विंडोजमध्ये डिफ्रॅग नीट होण्यासाठी निदान १५ टक्के जागा मोकळी हवी, असा नियम होता. आजही तो पाळलेला बरा. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ४६५ जीबी दिसते, त्याचे १५ टक्के म्हणजे ७० जीबी. खोली सामानाने गच्च भरलेली असेल तर आवरायला पाय ठेवायलाही जागा लागतेच ना? तसंच.

फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरमध्ये तर स्कॅन केलेले आधार, उतारे, फोटो आणि पीडीएफ यांचा डोंगर असतो. डाउनलोड्स आणि डेस्कटॉप बघा. काम झालेल्या गिऱ्हाइकाची कागदपत्रं महिनोन्‌महिने ठेवणं हे जागेच्या दृष्टीने तर वाईटच, पण त्या माणसाच्या दृष्टीनेही जोखमीचं आहे. त्यानंतर विंडोजचं डिस्क क्लीनअप चालवा आणि रिसायकल बिन रिकामी करा. जागा कमी असताना फाइल टाकत आणि काढत राहिलं की तुकडे भराभर वाढतात, म्हणून ही सफाई हाच अर्धा इलाज आहे.

चौथी तपासणी: फ्रॅगमेंटेशन किती टक्के?

आता परत त्या ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जच्या विंडोत या. सी ड्राइव्ह निवडा आणि ॲनालाइझ दाबा. ऑप्टिमाइझ नाही, फक्त ॲनालाइझ. हे बटण नुसतं मोजतं, काही हलवत नाही. काही मिनिटांत करंट स्टेटसच्या रकान्यात टक्के दिसतील.

आकडा कसा वाचायचा?

५ टक्क्यांच्या खाली असेल तर काही करू नका. स्लो होण्याचं कारण दुसरं आहे.

५ ते १० मध्ये असेल तर घाई नाही. महिन्याभराने परत मोजा.

१० च्या वर असेल तर डिफ्रॅग करायला हरकत नाही. विंडोज ७ च्या काळात खुद्द मायक्रोसॉफ्टनेही १० टक्के हाच आकडा सांगितला होता.

एक बारीक मुद्दा. विंडोज हे टक्के काढताना ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे मोजत नाही. कारण तुकडा तेवढा मोठा असेल तर हाताला मधे एकदा उडी मारावी लागली तरी फरक जाणवत नाही. म्हणून एखादं दुसरं सॉफ्टवेअर घाबरवणारा मोठा आकडा आणि लाल रंग दाखवत असेल आणि त्याखाली "आता विकत घ्या" असं बटण असेल, तर विंडोजच्या आकड्यावर विश्वास ठेवा. आकड्याने घाबरवून विकणं ही जुनी युक्ती आहे, आपण धंदेवाल्यांनी तरी ती ओळखायला हवी.

त्याच विंडोत लास्ट रन किंवा लास्ट ॲनालाइझ्ड असा रकाना आहे. तिथे १५०-२०० दिवस दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. विंडोज हे काम आठवड्याला आपोआप करायला बघतं, पण त्याची देखभालीची ठरलेली वेळ रात्री २ च्या सुमाराची असते. आपण दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढतो. दिवसा कॉम्प्युटर मोकळा असेल तेव्हा ते राहिलेलं काम करू बघतं, पण चालू दुकानात कॉम्प्युटर मोकळा कधी असतो? म्हणून दुकानातल्या हार्ड डिस्कचे टक्के घरातल्यापेक्षा जास्त निघू शकतात. उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, कॉम्प्युटर दोन-तीन तास नुसता चालू ठेवून द्या.

मग "डिफ्रॅग मारा" हा सल्ला आला कुठून?

तो एकेकाळी बरोबर होता. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये डिफ्रॅगची सोय आली. विंडोज ९८ मधले ते रंगीत चौकोन एकेक करून सरकताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना आठवत असेल. तेव्हा हे काम हाताने करावं लागे आणि फरकही दिसे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ते आठवड्याच्या वेळापत्रकावर गेलं. २००९ च्या विंडोज ७ पासून एसएसडी ओळखून तिला वेगळी वागणूक मिळू लागली. यंत्र बदललं, सल्ला मात्र तोच राहिला. धंद्यातही असंच होतं. दहा वर्षांपूर्वी चाललेली युक्ती आज चालेलच असं नाही, मोजूनच बघावं लागतं.

करायचं ठरलं, तर या क्रमाने करा

१. बॅकअप. टॅलीचा डेटा, बिलं आणि उधारीच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या, शिवाय एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, क्लाउडवर किंवा घरी ठेवा.

२. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. कॉम्प्युटर चालू व्हायला किती सेकंद आणि टॅली उघडायला किती सेकंद, हे कागदावर लिहा.

३. यूपीएस चालू आहे ना, बघा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि फिरत्या डिस्कची वीज मधेच तुटणं कधीच चांगलं नाही.

४. सगळे प्रोग्राम बंद करून ऑप्टिमाइझ दाबा आणि हात लावू नका. थांबवायचं झालं तर स्टॉप बटण वापरा, प्लग ओढू नका.

५. झाल्यावर परत स्टॉपवॉच. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

फरक पडला तर उत्तम. नाही पडला तर दुखणं वेगळं आहे. टास्क मॅनेजर उघडा. मेमरी कायम ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी आहे. स्टार्टअपमध्ये नको ते दहा प्रोग्राम असतील तर बंद करा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. आणि डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी हाच खरा उपाय. जवळपास सगळ्या जुन्या डेस्कटॉपला साटा एसएसडी बसते.

पण खर्च करण्याआधी कॉम्प्युटरचं वयही बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे. तुमच्या यंत्रावर विंडोज ११ चालत नसेल, तर त्यावर किती पैसे घालायचे हे कागदावर मांडून ठरवा. एसएसडी पुढच्या कॉम्प्युटरलाही लावता येते, जुन्या प्रकारची रॅम बहुतेक वेळा लावता येत नाही.

यात तुमच्यासाठी धंदाही आहे

गावात ऑनलाइन सेंटर किंवा रिपेअरिंग सुरू करायचा विचार असेल तर हे चार आकडे चिठ्ठीवर लिहून द्यायला लागा: डिस्कचा प्रकार, तब्येत, मोकळी जागा, फ्रॅगमेंटेशन. खाली एक ओळ, काय करायला हवं. आणि गरज नसेल तर स्पष्ट लिहा, "काही करायची गरज नाही."

बिनकामाच्या डिफ्रॅगचे दोनशे रुपये आज मिळतील. पण ज्याला तुम्ही आकडा दाखवून "भाऊ, पैसे वाया घालवू नका" म्हणालात, तो छोट्या कामासाठी जळगावला गोलाणी मार्केटपर्यंत अर्धा दिवस मोडून जाणार नाही. तुमच्याकडेच येईल आणि शेजाऱ्यालाही पाठवेल. गावातला धंदा याच्यावरच चालतो.

तर मित्रांनो, आज दुकान बंद करण्याआधी दहा मिनिटं काढा. ॲनालाइझ दाबा, चार आकडे कागदावर लिहा आणि तो कागद सीपीयूवर चिकटवा. पुढच्या महिन्यात परत मोजा. आणि आकडे काहीही येवोत, उधारीच्या फाइलचा बॅकअप मात्र आजच घ्या.